रिपोर्ट आला, हात कधी हलणार?

पूर्वी लकवा मारला की कबुतराचं रक्त चोळायचे. अजूनही काही गावांत चोळतात. आपण शिकलेली माणसं त्यांना हसतो आणि पेशंटचंच रक्त काढून मोठं टेस्ट पॅकेज करून घेतो. पॅकेज म्हणजे उपचार नव्हे, हे कुणीतरी स्पष्ट बोलायला हवं.

गैरसमज नको. पस्तीस-चाळिशीत स्ट्रोक आला तर रक्त तपासावंच लागतं. साखर, कोलेस्टेरॉल, रक्त गोठण्यातले दोष. कारण सापडलं तर पुढचा झटका टाळायला मदत होते. मेंदूला इजा झाली की न्यूरोफिलामेंट नावाचं प्रथिन रक्तात वाढतं, त्यावरून पुढची सुधारणा ओळखता येते का, यावरही अभ्यास चालू आहेत. चांगलंच आहे. पण अंदाज बांधणं वेगळं आणि लुळा हात हलवणं वेगळं.

होमोसिस्टीनचंच बघा. आपल्याकडे बी-१२ कमी, म्हणून ते अनेकांचं वाढलेलं निघतं आणि घरचे घाबरतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्ट्रोकच्या ३,६८० पेशंटांपैकी निम्म्यांना जीवनसत्त्वांचा मोठा डोस दिला. होमोसिस्टीन खाली आलं, पण पुन्हा येणारे स्ट्रोक कमी झाले नाहीत. बी-१२ कमी असेल तर जरूर घ्या, पण कागदावरचा आकडा सुधारला म्हणजे माणूस सुधारला असं नसतं.

मग फरक कशाने पडतो? आधी वेळेने. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोबडी वळली की लगेच सीटी स्कॅन हवा. गाठीमुळे झालेला स्ट्रोक असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्यानंतर फिजिओथेरपीने, तीही महिनोन्‌महिने. "घरीच व्यायाम करून घ्या" असं सांगून पेशंटला वाटेला लावणाऱ्यांनी एक गोष्ट वाचावी. भारतातल्या १४ हॉस्पिटलांत १,२५० पेशंटांवर झालेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. घरच्यांना शिकवून व्यायाम करून घेतला, तरी नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त फायदा दिसला नाही.

आता आपला तालुका बघा. सकाळी सातला दारात येऊन रक्त नेणारे चार जण आहेत. सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्टची खुर्ची मात्र रिकामी. सीटी स्कॅनला जिल्ह्याला पळा. साडेचार तासांतले दोन तर गाडी शोधण्यातच जातात. चाळिशीतला कमावता माणूस खाटेवर पडला की त्याच्यासोबत अख्खं घर बसतं, पोरांची शाळा सुटते, रान गहाण पडतं.

म्हणून पुढाऱ्यांनो, मोफत रक्ततपासणी शिबिराचे बॅनर पुरे झाले. सीटी मशीन कधी बसणार आणि फिजिओथेरपिस्टचं पद कधी भरणार, याची तारीख सांगा. आणि मित्रांनो, मतं मागायला दारात येतील तेव्हा हेच दोन प्रश्न विचारा. तोवर १०८ लक्षात ठेवा. झटका आला तर आधी तो फोन, लॅबवाल्याचा नंतर.