टपालानें आलेलें गाणें

ज्यांनीं परस्परांच्या डोळ्यांत पाहून गावें-वाजवावें, त्यांनीं टपालानें सुरांची देवघेव करावी आणि तिला 'संच' म्हणावें, हें कांहीं रसिकांस मुळींच मान्य नाहीं. अमेरिकेंतील 'पोस्टल सर्व्हिस' या इंडी पॉप संचाचा २००३ सालचा पहिला गीतसंग्रह 'गिव्ह अप' त्यांच्यापुढें ठेवला, कीं ते म्हणतात, "यांत संगत कोठें आहे? ही तर नुसती जुळवाजुळव!" हा आक्षेप संग्रह ऐकून घेतलेला दिसत नाहीं; ऐकीव माहितीवरच तो उभा आहे.

गायक बेन गिबर्ड 'डेथ कॅब फॉर क्यूटी' या आपल्या संचामुळें आधींच अनेकांचा आवडता होता. लॉस एंजलिसहून जिमी टॅम्बोरेलो यंत्रावर रचलेले तालसुरांचे सांगाडे मुद्रित करून सिॲटलला टपालानें धाडी. गिबर्ड त्यांत काटछाट करी, चाल व शब्द बसवी, आवाज भरी, आणि पुडकें परत जाई. संचाचें नांवही या व्यवहारावरूनच पडलें.

एरवीं गिबर्डच्या गळ्यास गिटारीचा मऊ आधार असतो. येथें हातीं आले ते दुसऱ्यानें आखलेले निर्विकार ठोके. पण ते समजून घेण्यास एकांत होता, आणि कापतांना भीड कोणाची नव्हती. म्हणूनच 'सच ग्रेट हाइट्स' मध्यें टिकटिकणाऱ्या यंत्रावर तो हळुवार गळा उपरा वाटत नाहीं. 'नथिंग बेटर' मध्यें तर प्रियकर विनवितो आणि जेन वूडच्या आवाजांतील प्रेयसी त्याचें म्हणणें खोडून काढते, पत्रोत्तरच तें! दहाही गाणीं सारखीं उतरलीं आहेत असें मात्र नव्हे. कोठें कोठें यंत्राचा खडखडाट शब्दांस झाकतो.

आपल्या बैठकींत तबलजीशीं नजरानजर झाल्यावांचून रंग चढत नाहीं, हें खरें. परंतु तो नियम तत्क्षणीं सुचणाऱ्या गाण्याचा. खोडून पुन्हां लिहिलेल्या गाण्यास तो लावणें म्हणजे कादंबरीकारानें सभेंत उभें राहून लिहावें असा आग्रह धरणें होय.

गायकानें परघरीं जावेंच कां, असेंही विचारतात. त्याच वर्षीं 'डेथ कॅब'चा 'ट्रान्सअटलांटिसिझम' निघाला. त्यांत गिबर्डचा गळा थकलेला आम्हांस तरी आढळला नाहीं.

खुद्द अमेरिकन टपालखात्यानें २००३ सालीं नांवाच्या हक्काबद्दल संचास कायदेशीर पत्र धाडलें. पुढें मात्र नांव वापरूं दिलें, आणि २००४ सालीं आपल्या अधिकाऱ्यांच्या परिषदेंत त्यांचें गाणेंही करविलें! दुसरा संग्रह कांहीं निघाला नाहीं. ज्यांस पहिलाच जुळवाजुळव वाटतो, त्यांनींच दुसरा कां नाहीं म्हणून कुरकुरावें, हें आम्हांस उलगडत नाहीं.