झालर म्हणू की तरंगित?

परवा मरीनातल्या सुपरमार्केटमधून धिंगरी अळंबी आणली. माझी सात वर्षांची लेक एक तुकडा कॅमेऱ्यासमोर धरून साताऱ्याच्या आजीला दाखवत होती. "आजी, याची कड बघ ना, कशी..." आणि तिथेच अडली. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "वेव्ही." कॉम्प्युटर इंजिनिअर माणूस, दिवसभर प्रोग्रॅममधल्या गोष्टींना काटेकोर नावं देतो, इथे एवढंच सुचलं. पलीकडून आई म्हणाली, "अगं, झालर आलीय तिला!"

पानाच्या अशा कडेला आपल्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत 'तरंगित' म्हणतात. सोसायटीच्या कुंपणाशी सरळसोट वाढणाऱ्या हिरव्या अशोकाचं पान आठवा. शब्द चांगलाच आहे. पण माझ्या मते आईचा शब्द जास्त सांगतो. तरंग नुसता आकार सांगतो, झालर तो कसा झाला तेही सांगते. क्रोशाच्या रुमालाला शेवटच्या फेरीत एकेका टाक्यात दोन-तीन टाके घातले, की कडेची लांबी वाढते, तिला सपाट बसायला जागा उरत नाही आणि ती वरखाली होते. पानाची कड आतल्या भागापेक्षा जास्त वाढली की तिथेही हेच होतं. कॉर्नेल विद्यापीठात दायना तायमिना या गणितज्ञ बाईंनी १९९७ साली अशी पृष्ठं चक्क क्रोशाने विणून दाखवली. आमच्या आईने ती दिवाणखान्यात टीव्हीवर घातली होती!

नागमोडी म्हणजे घाटाची वाट, दातेरी म्हणजे जास्वंदीचं पान, मेंदूला वळ्या, लुगड्याला निऱ्या. आम्ही या सगळ्याला 'वेव्ही' म्हणून मोकळे. इथे मुलांना मराठी शिकवताना आपण रंग, फळं, नाती घोकून घेतो. आकारांचे शब्द राहूनच जातात, कारण ते तक्त्यावर नसतात. शिवणाऱ्या-विणणाऱ्या बायकांच्या तोंडी असतात. आई आता बहात्तर वर्षांची आहे. मी त्यातला एकही शब्द कधी लिहून ठेवला नाही. परिभाषा कोश करणाऱ्यांनीही असे शब्द आधी घरातून उचलावेत, मग संस्कृतकडे जावं.

रविवारी लेकीने खिडकीतून कायन टॉवर दाखवला, तळापासून माथ्यापर्यंत ९० अंशांत वळलेला. आजी म्हणाली, "पीळ दिलाय की गं! धुतलेल्या चादरीला देतात तसा."

लेक माझ्याकडे बघत राहिली. आमच्याकडे ड्रायर आहे.