बुटाची नाडी बांधता येईल असे हातमोजे

ठाणे जिल्ह्यात मानपाडे दोन. एक घोडबंदर रस्त्यावरचा, येऊरच्या डोंगराला पाठ टेकून बसलेला. दुसरा डोंबिवलीचा, कल्याण-शीळ रस्त्यालगतचा, जिथून मलंगगडाचे सुळके दिसतात. नाताळच्या सुटीच्या तोंडावर दोन्हीकडे एक दृश्य सारखेच असते. पाठीवर भलीमोठी सॅक घेतलेली मुले-मुली स्टेशनची रिक्षा शोधत असतात. कुणी केदारकंठ्याला निघालेले, कुणी ब्रह्मतालला, पैसे आणि रजा जमली तर लडाखच्या चादर ट्रेकला. अलीकडे त्यांत पन्नाशीचे काका-काकूही दिसतात, आणि ही आनंदाची गोष्ट आहे.

त्या सॅकमधले जाकीट महिनाभर चौकशी करून घेतलेले असते. बूट दोनदा बदलून आणलेले असतात. हातमोजे मात्र निघायच्या आदल्या संध्याकाळी पदपथावरून, दोन मिनिटांत. जाडजूड दिसले, हात आत गेला, की झाले. वास्तविक थंडीचा पहिला घाव बोटांवर, नाका-कानांवर पडतो आणि कायमचे नुकसान बहुधा हातापायांच्या बोटांचेच होते.

याचे कारण शरीराच्या हिशेबात आहे. धड गार पडू लागले की हृदय, मेंदू, यकृत सांभाळण्यासाठी शरीर त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळते, आणि बोटांच्या सर्वांत आधी. बोटे बारीक, त्यांत स्वतःची उष्णता निर्माण करणारे स्नायू जवळजवळ नाहीत. बोटे जोरात मिटणारे स्नायू कोपराखाली असतात. बोटांपर्यंत येतात त्या फक्त त्यांच्या कंडरा. म्हणून मनगट आणि कोपराखालचा हात गारठला तरी बोटे मंदावतात. बोटाच्या त्वचेचे तापमान साधारण १५ अंशांच्या खाली गेले की बारीक कामे बिघडतात, आणि ७-८ अंशांपर्यंत उतरले की स्पर्शच कळेनासा होतो. चेन ओढली गेली की नाही, गाठ बसली की नाही, हे डोळ्यांनी पाहून ठरवावे लागते.

ठाण्याच्या माणसाला हा अनुभव नसतो. उंची १००० मीटरने वाढली की तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. १६४६ मीटरच्या कळसूबाईवर त्यामुळे मानपाड्यापेक्षा दहाएक अंश कमी असतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, तेवढीच आपली गोठण्याशी ओळख. केदारकंठा सुमारे ३८०० मीटर, तोही उत्तरेत, आणि माथ्याची चढाई सुरू होते मध्यरात्रीनंतर. त्यात वारा. हवा उणे १० असताना ताशी ४० किलोमीटरचा वारा सुटला, तर उघड्या त्वचेला ते उणे २१ असल्यासारखे जाते.

मग सर्वांत जाड हातमोजे घ्यावेत, असे वाटणे साहजिक आहे. चूक इथेच होते. बोटासारख्या बारीक दंडगोलावर जाडी चढवत गेले की उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभागही वाढत जातो, आणि एका मर्यादेनंतर जाडीचा फायदा घटतो. शिवाय जाड हातमोज्यात बोट वाकत नाही. बूट बांधायचा, बाटलीचे झाकण उघडायचे, बुटाला बर्फाचे खिळे चढवायचे, तर माणूस हातमोजा काढतो. आता यात मोबाइलची भर पडली आहे. माथ्यावर पोचल्यावर दर दोन मिनिटांनी फोटोसाठी उघडा होणारा हात कितीही महागाच्या हातमोज्याने वाचत नाही.

यावरचा तोडगा गिर्यारोहकांना जुना आहे: एक जाड जोडी नको, एकावर एक थर हवेत. आत पातळ लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा घट्ट बसणारा हातमोजा, जो कामासाठी अंगावर राहतो. त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा. आणि सर्वांत बाहेर वारा-पाणी अडवणारा मिटन, म्हणजे चार बोटांचे एकत्र कुटुंब आणि वेगळा संसार थाटलेला अंगठा. शेजारी बोटे एकमेकांना ऊब देतात आणि पृष्ठभाग कमी राहतो, म्हणून मिटन पाच बोटांच्या हातमोज्यापेक्षा उबदार. काम निघाले की फक्त मिटन काढायचा. आतला थर हातावरच. बाहेरच्याचा कफ जाकिटाच्या बाहीवर बसेल इतका लांब हवा, मनगटाची फट थंडीला मोकळी सोडू नये. आणि सगळे थर चढवल्यावर मूठ सैल वळता आली पाहिजे. घट्ट हातमोजा रक्त अडवतो, मग आतली लोकर कितीही चांगली असो.

सुती हातमोजा मात्र घेऊच नये. घामाने किंवा बर्फाने तो भिजतो आणि धरून ठेवलेली हवा गमावतो. पाणी हवेच्या वीसपटींहून अधिक वेगाने उष्णता ओढून नेते. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब राखते. धनगराची घोंगडी पावसातही का उपयोगी पडते, त्याचे हेच उत्तर. मुक्कामाच्या गावात भाड्याने मिळणारे हातमोजे याच कारणासाठी आत हात घालून तपासावेत. आधीच्या तुकडीचा घाम त्यांत वाळलेला असतोच असे नाही.

लेबलवरच्या 'उणे २०'ला फार किंमत देऊ नये. ते कुणी, कसे मोजले हे बहुधा लिहिलेले नसते. युरोपातल्या ईएन ५११ या मानकाच्या खुणेखाली तीन आकडे असतात: गार हवेला, गार वस्तूच्या स्पर्शाला आणि पाण्याला हातमोजा किती दाद देत नाही याचे. ते दिसले तर वाचावेत. नसले तर दुकानातच परीक्षा घ्यावी: हातमोजा घालून पाकिटातून रुपयाचे नाणे काढायचे, चेन लावायची, बुटाची नाडी बांधायची. ट्रेक नेणाऱ्या संस्थांच्या याद्यांत 'हातमोजे, दोन जोड' असे लिहिलेले असते आणि विषय संपतो. सॅकचे वजन तपासणाऱ्या आयोजकांनी ही तीन मिनिटांची परीक्षा निघण्याआधी प्रत्येकाकडून करून घ्यायला काहीच हरकत नाही. पैसे घेऊन माणसांना बर्फात नेणाऱ्यांकडून एवढी अपेक्षा जास्त नाही.

लहान मुलांच्या हातमोज्यांना दोरी असते, तशी मोठ्यांच्याही मिटनला हवी. यात हसण्यासारखे काही नाही. ३ जून १९५० रोजी अन्नपूर्णेच्या माथ्यावरून उतरताना मॉरिस हर्झोग यांनी सॅक उघडण्यासाठी हातमोजे काढले आणि ते उतारावरून घरंगळत गेले. सॅकमध्ये जादा पायमोजे होते; ते हातांवर चढवावेत हे त्या उंचीवर त्यांना सुचलेच नाही. माणसाने गाठलेले ते पहिले आठहजारी शिखर. हर्झोग जिवंत परतले, पण हातापायांची बहुतेक बोटे गमावून.

बोट बधिर झाले, दुखायचे थांबले, तर ते बरे झाले असे नव्हे. गोऱ्या कातडीवर पांढरा डाग चटकन दिसतो. आपल्या सावळ्या त्वचेवर मात्र करडी, मेणचट छटा येते आणि ती सोबत्याला शोधावी लागते. अशा वेळी अंगठ्या काढाव्यात, हात काखेत धरावा. चोळू नये, बर्फाने तर नाहीच. शेकोटीवर धरू नये. बधिर बोट भाजलेले कळत नाही. तंबू बंद करून आत स्टोव्ह किंवा शेगडी पेटवणे तर जिवावर बेतते, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बोट खरोखर गोठले असेल तर ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात ते वितळवायचे, पण पुन्हा गोठणार नाही याची खात्री असेल तरच.

आणि तिथून थेट घरी यायचे नाही. सांकरीहून डेहराडून हाच दिवसभराचा मोटारप्रवास, पुढे ठाणे गाठेपर्यंत आणखी वेळ. गोठलेल्या बोटातल्या गुठळ्या विरघळवणारी औषधे पहिल्या २४ तासांतच उपयोगी पडतात. रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या इलोप्रोस्टलाही फार तर ७२ तास. त्यामुळे वाटेतल्या मोठ्या रुग्णालयात दाखवणे आधी. त्यानंतर उरते वाट पाहणे. बोट किती वाचेल हे कळायला आठवडे, कधी महिने लागतात. जानेवारीत गोठलेल्या बोटावर जुलैत सुरी चालवावी, असे शल्यचिकित्सकांत म्हणतात ते उगाच नाही.

पन्नाशीच्या काका-काकूंसाठी थोडे वेगळे. मधुमेहाने संवेदना कमी झालेल्या हाताला गारठा वेळेवर कळत नाही. रक्तदाबासाठी अटेनोलोल, मेटोप्रोलोल घेणाऱ्यांचे हात मुळातच गार राहू शकतात. गोळी मनाने बंद करू नये, डॉक्टरांना ट्रेकचे सांगावे. थंडीत बोटे आधी पांढरी, मग निळी, मग लाल होत असतील तर तो रेनॉड विकार असू शकतो, त्याचा सल्ला तिकीट काढण्याआधी घ्यावा. सिगारेट बोटांच्या रक्तवाहिन्या आवळते. 'ऊब येते' म्हणून घेतलेली दारू त्वचेच्या वाहिन्या उघडून धडाची उष्णता बाहेर सांडते.

निघायला आठवडा असेल तर अजून वेळ आहे. हातमोजे घालून एकदा घरीच सॅक भरावी, बाटली उघडावी, टॉर्चचे सेल बदलावेत. जमले नाही तर दुकानात परत जावे. दुकानदार बिल मागेलच. ते पाकिटातून हातमोजे न काढता काढून पाहावे.