वर्गाचे नियम कुणासाठी?

काही वर्षांपूर्वी अंतर्गत गुणांसाठी गोळा केलेल्या वह्या तपासत होतो. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीच्या वहीत पानोपानी मोकळ्या जागा सोडलेल्या दिसल्या. प्रत्येक मोकळ्या जागेत पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘आवाज आला नाही’. बाकी वही चोख होती. संविधान सभेवरचं माझं व्याख्यान त्यात जवळजवळ शब्दशः उतरलेलं होतं. वर्गात सांगितलेला एक फुटकळ विनोदही तिने लिहून घेतला होता. हजेरीपटावर मात्र तिच्या नावापुढे दीड महिना गैरहजेरीचे शेरे होते.

खुलासा व्हायला वेळ लागला नाही. माझा तास सकाळी पावणेआठचा. मुलगी अक्कलकोटकडच्या एका खेड्यातून एसटीने सोलापुरात यायची. गाडी वेळेवर आली तरी स्टँडपासून चालत कॉलेज गाठेपर्यंत आठ वाजायचे. आणि माझा नियम असा होता की दहा मिनिटांनंतर दार बंद. त्या नियमाचा मला तेव्हा अभिमान होता. शिस्तीचा मास्तर म्हणून माझं नाव होतं. ती रोज यायची, बंद दार बघायची आणि व्हरांड्यात खिडकीजवळ उभी राहून लिहून घ्यायची. रस्त्यावरून ट्रक गेला की वहीत एक मोकळी जागा पडायची.

मी तिला विचारलं, एकदा येऊन सांगायचं नाही का? ती म्हणाली, “पूछना रहता बोलके मालूमच नै था सर.”

मला त्या दिवशी सगळ्यात जास्त टोचली ती माझीच एक गोष्ट. तिची गैरहजेरी बघून मी मनात केव्हाच निकाल लावून टाकला होता: बुरखा घालणारी मुलगी आहे, लग्न ठरलं असेल, सोडलं असेल कॉलेज. स्टाफरूममध्ये दुसरं कुणी हे बोललं असतं तर मी त्याच्यावर तुटून पडलो असतो. मुस्लिम मुलींबद्दलचे पूर्वग्रह यावर मी भाषणं दिली आहेत. पण एक वाजवी प्रश्न विचारायचं काम मी केलं नव्हतं, आणि माझ्या नियमाने तिलाही तो विचारू दिला नव्हता.

तेव्हापासून वर्गातल्या नियमांकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघतो. आपल्याकडे कॉलेजात नियम म्हटलं की दोन गोष्टी डोळ्यांसमोर येतात, ७५ टक्के हजेरी आणि कपडे. वर्गात प्रश्न कसा विचारायचा, पेपर तपासून कधी मिळणार, गुण का कापले हे कुणाला विचारायचं, शिक्षक कॉलेजात कुठे आणि किती वाजता भेटतो, हे कुठेच लिहिलेलं नसतं. ज्या घरात आधी कुणी पदवीधर झालेला आहे, त्या घरातल्या पोराला ते माहीत असतं. भाऊ सांगतो, शेजारची ताई सांगते. ज्याच्या घरातून पहिलाच माणूस कॉलेजची पायरी चढतोय, त्याला कोण सांगणार? अँथनी अब्राहम जॅक या समाजशास्त्रज्ञाने २०१९ साली ‘द प्रिव्हिलेज्ड पुअर’ या पुस्तकात अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांत शिकणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांबद्दल हेच लिहिलं आहे. प्राध्यापकाने भेटीसाठी राखून ठेवलेली वेळ म्हणजे नेमकं काय आणि तिथे जाऊन करायचं काय, हेच त्यातल्या अनेकांना ठाऊक नसतं. तिथली ही गत, तर आमच्या खेड्यातून एसटीने येणाऱ्या पोरीने काय करावं?

हा मुद्दा सगळ्याच पहिल्या पिढीचा आहे. त्यात मराठा शेतकऱ्याचा मुलगा आला, पद्मशाली विणकराची मुलगी आली, पारध्याचं पोर आलं. पण मुसलमानांच्या बाबतीत आकडेच बोलके आहेत. २०११च्या जनगणनेत आपण देशाच्या लोकसंख्येच्या १४.२ टक्के. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात २०२०-२१ साली कॉलेजं-विद्यापीठांत मुस्लिम विद्यार्थी फक्त ४.६ टक्के होते. आदल्या वर्षी २१ लाख असलेली संख्या त्या वर्षी १९ लाख २१ हजारांवर आली. कोविडचं वर्ष होतं हे खरं, पण त्याच वर्षी दलित, आदिवासी आणि ओबीसी विद्यार्थ्यांची संख्या वाढली होती. आपल्याकडे मुळात दारापर्यंत पोहोचणारेच थोडे. त्यातलं एक पोर दाराबाहेर उभं राहणं परवडणारं नाही.

आता कपड्यांचं. चेंबूरच्या एका कॉलेजने २०२४ साली हिजाब, नकाब, बुरखा, टोपी, बॅज यांना आवारात मनाई केली. त्याविरुद्ध कोर्टात गेलेल्या नऊ मुली नवख्या नव्हत्या, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात शिकत होत्या. मुंबई उच्च न्यायालयाने २६ जूनला त्यांची याचिका फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्टला त्या मनाईला अंशतः स्थगिती दिली. मग टिळा-टिकलीवर बंदी घालणार का, आणि विद्यार्थ्यांच्या नावांवरूनही धर्म कळतोच की, असं न्यायमूर्तींनी सुनावणीत विचारलं. वर्गात बुरखा चालणार नाही, हेही त्याच आदेशात होतं. आपल्या लोकांनी पहिला अर्धा भाग फॉरवर्ड केला, दुसऱ्या बाजूच्या लोकांनी दुसरा.

बुरख्यावर माझी स्वतःची मतं आहेत, आणि ती मोहल्ल्यात फारशी लोकप्रिय नाहीत. पण इथे तो प्रश्नच नाही. माझा प्रश्न साधा आहे. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश देताना जो नियम नव्हता, तो मध्येच कसा येतो? आणि त्याचा शिकण्याशी संबंध काय? प्रयोगशाळेत सैल ओढणी बर्नरजवळ नको, हा नियम मला कळतो. परीक्षेत ओळख पटवण्यासाठी महिला पर्यवेक्षकासमोर चेहरा दाखवावा, हेही कळतं. या दोन्ही नियमांना कारण आहे आणि ते मुलीला समोर बसवून सांगता येतं. धर्म दिसू नये म्हणून डोकं उघडं ठेव, या नियमाने कुणाचं राज्यशास्त्र सुधारणार आहे?

जुम्म्याचाही एक किस्सा सांगतो. आमच्या वेळापत्रकात शुक्रवारी एक ते दोन असा तास होता. मुस्लिम पोरं त्याला कधीच नसायची. कुणी विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही, हजेरी गुपचूप बुडायची आणि मार्चमध्ये रडारड. मी तो तास सकाळी घेण्याचा प्रस्ताव मांडला तेव्हा एका सहकाऱ्याने लगेच ‘लांगूलचालन’ हा शब्द काढला. मी त्यांना गड्ड्याची आठवण करून दिली. संक्रांतीच्या दिवसांत सिद्धेश्वराच्या यात्रेला सोलापुरातल्या कुठल्या वर्गात किती पोरं असतात? नंदीध्वजांच्या मिरवणुकीदिवशी कुणी हजेरी घेतो का? घेत नाही, आणि ते बरोबरच आहे. ती यात्रा अख्ख्या गावाची आहे, मीही लहानपणी अब्बांच्या खांद्यावर बसून गड्ड्यावर गेलोय. मग गावाने गावातल्या दुसऱ्या माणसांसाठी एक तास दोन तास अलीकडे घेतला, तर बिघडलं कुठे? तास हलला. सहकारी काही दिवस माझ्याशी मोजकंच बोलले, मग रमजानमध्ये इफ्तारला आले.

पण तास हलल्यावरही चार-पाच पोरं शुक्रवारी गायबच राहिली. नमाज दीडला, आणि हे सकाळी दहापासून ‘जुम्मा है सर’. अशा पोरांना मी आता सरळ सांगतो की अल्लाहच्या नावावर झोप काढू नका. शादीब्याहाच्या सीझनमध्ये आठ-आठ दिवस घरी बसणाऱ्यांनाही हेच लागू. मावसभावाच्या साल्याचा वलीमा हे गैरहजेरीचं कारण होऊ शकत नाही. सवलत मागायची तर उघड मागावी, कारण सांगून मागावी, आणि मिळाली की पाळावी. आपण मागतही नाही आणि पाळतही नाही. मग नाराजी तेवढी शिल्लक राहते.

‘आवाज आला नाही’ वाचल्यानंतरच्या सत्रापासून मी पहिल्या दिवशी वर्गात एक कागद वाटतो. एकच पान, मराठीत. तो वाचून दाखवायला वीस मिनिटं जातात, कारण प्रत्येक नियमापुढे कारण लिहिलेलं असतं आणि त्यावर पोरं वाद घालतात. उशीर झाला तर मागच्या दाराने गुपचूप आत यावं, विचारत बसू नये, तास मोडतो. एसटी, लोकल काम, घरचं पाणी अशा कारणाने रोजच उशीर होणार असेल तर पहिल्याच आठवड्यात सांगावं. प्रश्न मराठीत, दखनीत, कन्नडमिश्रित मराठीत, कसाही विचारला तरी चालेल. उत्तर मात्र मराठीत लिहायचं. मोबाईल बाकावर पालथा. चॅटजीपीटीकडून समजून घ्यायला हरकत नाही, पण जे लिहून दिलंत ते मी बोलावून तोंडी विचारणार. हा शेवटचा नियम आल्यापासून निबंध लहान झाले आणि शुद्धलेखन बिघडलं. मला आनंद झाला.

कागदाच्या मागच्या बाजूला माझे नियम असतात. तपासलेली उत्तरपत्रिका पंधरा दिवसांत परत. गुण कापले तर शेजारी एक ओळ कारण. वर्गात सगळ्यांसमोर कुणाचा पाणउतारा नाही. मी पंधरा मिनिटं उशिरा आलो तर वर्ग निघून जाऊ शकतो. एकदा खरंच गेले. मी धापा टाकत पोहोचलो तर फळ्यावर ‘सर गैरहजर’ असं लिहून ठेवलेलं. दोन दिवस राग होता मला. मग आठवलं, नियम कुणी लिहिला होता.

मागच्या बाजूची ही कल्पना अमेरिकेतून आलेली नाही. इमाम गझाली १०९१ मध्ये बगदादच्या निजामिया मदरशात शिकवायला आले. पुढे ती मानाची जागा सोडून दिल्यावर त्यांनी ‘इह्या उलूमिद्दीन’ लिहिलं. त्याच्या पहिल्याच भागात इल्मची चर्चा आहे, त्यात विद्यार्थ्याची दहा कर्तव्यं सांगितली आहेत आणि लगोलग उस्तादाची आठ. शागिर्दांना पोटच्या मुलांसारखं वागवावं, चूक सुधारायची तर उघड धिक्कार करून नव्हे तर आडवळणाने सूचना देऊन, त्याच्या समजेच्या कुवतीबाहेरचं त्याच्यावर लादू नये, आणि जे शिकवतो ते स्वतः करावं, ही त्यातली काही. आमच्या जलशांमध्ये उस्तादाचा अदब कसा करावा यावर तासन्‌तास बयान होतं. त्या आठ कर्तव्यांवरचं बयान मी आजवर ऐकलेलं नाही. कॉलेजच्या माहितीपुस्तिकेतही ती नसतात. या एका बाबतीत मदरसा आणि महाविद्यालय यांचं छान जमतं.

हजेरीबद्दल नियम मोडावेत असं मी म्हणत नाही. वर्गात येणं महत्त्वाचंच आहे, आणि दुसऱ्याच्या नावाने ‘येस सर’ म्हणणाऱ्यांना मी माफ करत नाही. पण हजेरी कमी म्हणून परीक्षेलाच बसू द्यायचं नाही, ही शिक्षा कुणाला घडते ते बघा. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कायद्याच्या विद्यार्थ्यांपुरतं तरी सांगितलं की केवळ हजेरी कमी भरली म्हणून परीक्षेपासून रोखू नये. त्या प्रकरणाच्या मुळाशी २०१६ साली एका विद्यार्थ्याने केलेली आत्महत्या होती. एवढी किंमत मोजल्यावर नऊ वर्षांनी एक वाक्य मिळालं. आमच्या बी.ए.च्या पोरींसाठी कोर्टात कुणी जाणार नाही. त्यांचा बाप हजेरी कमी असल्याचं पत्र वाचेल आणि म्हणेल, बस झालं, आता घरी बस. ते पत्र टपालात टाकण्याआधी एक फोन करायला कुठला नियम अडवतो?

त्या मुलीची हजेरी मी लावली. वही होती, पुरावा होता. काही सहकाऱ्यांच्या मते ते नियमात बसत नव्हतं. ती बी.ए. झाली, पुढे काय झालं ते मला ठाऊक आहे, पण ते सांगणं माझं काम नाही.

कागदाच्या तळाशी मी दोन ओळी रिकाम्या सोडतो, वर्गाला हवा तो नियम घालायला. बहुतेक वेळा काहीतरी गमतीचं येतं, तास दहा मिनिटं आधी सोडावा वगैरे. या वर्षी शेवटच्या बाकावरच्या एकाने लिहून दिलं, ‘सरांनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये, मागे ऐकू येत नाही.’ तो नियम आता माझ्या बाजूला छापला आहे. तीस वर्षांची सवय आहे, अजून रोज दोन-तीनदा मोडतो. मोडला की मागून बाक वाजतात.