हा एरिया त्यांचा आहे

आमच्या गावात केबल बंद पडून आज सहावा दिवस. कारण विचारलं की एकच उत्तर मिळतं, "मागून लाईन नाही." मागून म्हणजे नेमकं कुठून, हे कुणी सांगत नाही. ऑपरेटर फोन उचलत नाही. लाईनमन पोरगं उचलतं, पण त्याच्या हातात काही नाही, उगाच त्याला शिव्या देऊन काय उपयोग?

परवा मी शेजारच्या प्रभागातल्या केबलवाल्याला फोन लावला. त्याचा सिग्नल व्यवस्थित चालू आहे. त्याची वायर आमच्यापासून दोन गल्ल्यांवर, मारुतीच्या पारापर्यंत आलेली आहे. म्हटलं, चार खांब पुढे या, अख्खी गल्ली तुमच्याकडे येते. तो म्हणाला, "साहेब, येता येणार नाही. तो एरिया त्यांचा आहे."

पत्रकारितेत मला वीस वर्षं होत आली. वाळूच्या ठेक्यात 'एरिया' ऐकला, दारूच्या धंद्यात ऐकला, पाण्याच्या टँकरमध्येही ऐकला. पण या शब्दाला कागदावर आधार काय, हे केबलच्या बाबतीत कधी कुणी विचारल्याचं आठवत नाही. म्हणून आज थोडं सविस्तर लिहितो.

केबलचा कायदा १९९५ चा आहे. त्यात नोंदणीची सक्ती आहे, दूरदर्शनचे ठरलेले चॅनेल दाखवायची सक्ती आहे, नियम मोडला तर सामान जप्त करायचे अधिकार आहेत. पण अमुक गल्ली अमक्याला राखून, दुसऱ्यानं तिथं यायचं नाही, असं त्यात कुठंही नाही. पूर्वी नोंदणी मुख्य पोस्टात व्हायची, वर्षाला ५०० रुपये भरून. जानेवारी २०२५ पासून ती माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे ऑनलाइन झाली. ५,००० रुपये भरा, ५ वर्षांची नोंदणी घ्या. हिशेब केला तर महिन्याला ८४ रुपयेसुद्धा पडत नाहीत. म्हणजे सरकारनं दार बंद केलेलं नाही. ते गावानं, खरं तर गावातल्या चार-पाच जणांनी, आतून लावून घेतलंय.

कसं लावलं तेही सांगतो. नव्वदच्या दशकात आमच्याकडे तीन केबलवाले होते. गच्चीवर मोठी छत्री, खाली खोलीत व्हीसीआर, आणि रात्री दहाला नवा पिक्चर. महिन्याला पन्नास-साठ रुपये. एकानं दर कमी केला की दुसरा एक चॅनेल वाढवायचा. गिऱ्हाईक मजेत होतं. मग रात्री वायरी तुटायला लागल्या. खांबावर चढलेल्या पोरांना खाली ओढून मारलं. पोलीस ठाण्यात तक्रारी झाल्या, उलट तक्रारी झाल्या. शेवटी कुणी तरी मोठ्या माणसानं तिघांना बसवलं आणि गाव वाटून दिलं. नाल्याच्या अलीकडचं एकाचं, पलीकडचं दुसऱ्याचं, मोंढा आणि बसस्टँड तिसऱ्याचं. मारामाऱ्या थांबल्या, लोकांनाही बरं वाटलं. त्या दिवसापासून गिऱ्हाईक हा माल झाला. आता ऑपरेटर धंदा सोडतो तेव्हा प्लॉट विकावा तसा 'एरिया' विकतो. एका कनेक्शनमागे इतके, असा भाव ठरतो. आपण विकले गेलो हे आपल्याला कळतं कधी? तर पुढच्या महिन्यात पैसे न्यायला नवीन पोरगा आला की.

यात प्रशासन कुठं होतं? एक काळ होतं. करमणूक शुल्क कनेक्शनवर लागायचं, त्यामुळे कुणाकडे किती कनेक्शन हे मोजण्यात महसूल खात्याला स्वतःचा रस होता. ऑपरेटर आकडा लपवायचे, तो भाग वेगळा. पण निदान विचारणारं कुणी होतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि करमणूक शुल्क त्यात गेलं. त्याच वर्षी ३१ मार्चला ग्रामीण भागासाठी सेट टॉप बॉक्सची शेवटची मुदत संपली होती. म्हणजे कनेक्शनचा पक्का आकडा पहिल्यांदा तयार झाला, तो कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये, आणि तहसीलमधून केबलची फाइल उठली. कायद्यानुसार जिल्हाधिकारी आणि उपविभागीय अधिकारी आजही केबलसाठी 'प्राधिकृत अधिकारी' आहेत. आमच्या इथं हे विचारायला गेलो तर मलाच उलट प्रश्न आला, "केबल आमच्याकडं येतं का?"

आता दराचं. फेब्रुवारी २०१९ आठवतोय का? टीव्हीवर दिवसरात्र जाहिराती होत्या, तुमचे चॅनेल तुम्ही निवडा. १०० चॅनेलपर्यंतचं नेटवर्क शुल्क जास्तीत जास्त १३० रुपये, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. पुढं १३० मध्ये २०० चॅनेल झाले. आमच्या गावात काय निवडलं लोकांनी? ऑपरेटरनं जे पॅकेज लावलं ते. यादीचा कागद मी इथं कुणाच्या घरी पाहिलेला नाही. जुलै २०२४ मध्ये ट्रायनं या शुल्कावरची मर्यादाच काढली. स्पर्धा आहे, बाजार ठरवेल, असा एकूण सूर.

माझा सगळा राग या 'बाजार' शब्दावर आहे. २०१३ मध्ये ट्रायनं केबलमधल्या मक्तेदारीवर केंद्राला शिफारशी केल्या होत्या, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. पण त्यात बाजार धरला होता अख्खं राज्य. आता महाराष्ट्रात दहा कंपन्या असोत नाही तर वीस, माझ्या दारात वायर एकाचीच येते. माझा बाजार आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या खांबापाशी संपतो. राज्याचा आकडा बघून माझ्यापुढं पर्याय आहे म्हणणं म्हणजे तालुक्यात सहा दवाखाने आहेत म्हणून रात्री दोन वाजता डॉक्टर मिळेलच असं सांगण्यासारखं आहे.

काही जण म्हणतील, एवढं काय, डिश लावा की. लावा, जरूर लावा. दूरदर्शनच्या फ्री डिशला तर महिन्याचे पैसेच नाहीत, आसपासच्या वाड्यावस्त्यांवर बऱ्याच घरांनी तीच लावलीय. पण भाड्यानं राहणाऱ्याला घरमालक गच्चीत छत्री लावू देत नाही. खासगी डीटीएच घ्यायचं तर सुरुवातीला एकरकमी पैसे लागतात, आणि ऐन पावसात चित्र जातं. शिवाय आधीच्या बॉक्सचं काय करायचं? तो दुसरीकडे चालत नाही. मोबाइल नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर २०११ पासून आहे. बॉक्स कुठल्याही कंपनीला चालेल असा हवा, ही शिफारस ट्रायनं एप्रिल २०२० मध्ये केली. आमच्या घरातला बॉक्स अजून कंपनी बदलली की डबाच आहे.

तरण्या पोरांना याचं काही नाही, ती मोबाइलवर बघतात. प्रश्न आहे तो आमच्या आईच्या वयाच्या माणसांचा. दिवसभर घरात एकटी असणारी म्हातारी माणसं, ज्यांना यूट्यूब उघडता येत नाही. आणि पाण्याचा. हसू नका, खरंच पाण्याचा. आमच्याकडं नळाला आठ-नऊ दिवसांनी पाणी येतं आणि उद्या कुठल्या झोनला सुटणार, हे गावाला कळतं ते केबलच्या लोकल चॅनेलवर खाली फिरणाऱ्या पट्टीवरून. ते चॅनेल डिशवर नाही. सहा दिवस ती पट्टी नाही, म्हणून काल आमच्या भागातल्या कितीतरी घरांचं पाणी गेलं. बायका कामावर होत्या, नळ कोरडा समजून तसाच राहिला.

आता माझ्या धंद्याचं बोलतो. ज्याच्या हातात वायर, त्याच्याच हातात लोकल चॅनेल. गावात मयत कोण, भाव काय, सभेत काय झालं, हे सगळं त्या एका चॅनेलवर. नगरपालिकेच्या सभेत रस्त्याच्या टेंडरवरून दोन तास गदारोळ होतो आणि रात्रीच्या बातम्यांत फक्त वृक्षारोपण दिसतं, असं मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय. ते सांगायला गावात दुसरं चॅनेल नाही, कारण दुसरी वायर नाही. माझी बातमी मी पेपरात छापतो, इथं टाकतो, माझं अडत नाही. पण ज्यांना पेपर परवडत नाही त्यांच्यासाठी ती सभा झालीच नाही.

हे आपल्याच गावात घडतं असं नाही. पंजाबात फास्टवे या केबल समूहाकडे राज्यातले बहुसंख्य ग्राहक होते. त्यांच्या जाळ्यावरून एक वृत्तवाहिनी बंद झाली, तक्रार झाली, आणि भारतीय स्पर्धा आयोगानं २०१२ मध्ये सुमारे ८ कोटींचा दंड केला. पुढं अपिलात तो आदेश उलटला. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं वर्चस्वाचा गैरवापर झाला हे मान्य केलं, पण दंड लावला नाही. सहा वर्षं कोर्टकचेरी करून ही फलश्रुती. एक वाहिनी एवढं लढू शकली. आमच्या गल्लीतली आजी कुणाकडे जाणार?

सरकारनंच केबल चालवावी, असंही एक मत असतं. तमिळनाडूनं ते केलं. अरसू केबल २०११ मध्ये ७० रुपये महिन्यानं सुरू झाली, लोक खूश झाले. मग २०२२ मध्ये तिथंही लाखो बॉक्स बंद पडले. मालक सरकार असो की भाऊ, दुसरी वायर नसेल तर आपण वाट बघण्यापलीकडं काही करू शकत नाही.

ऑपरेटरची बाजूही लिहिली पाहिजे, नाही तर उद्या चहाच्या टपरीवर तोच मला धरेल. १३० रुपयांच्या शुल्कात, वेगळा करार नसेल तर, वरची कंपनी ५५ टक्के घेते आणि त्याला ४५ टक्के, म्हणजे साडेअठ्ठावन्न रुपये राहतात. त्यात पोरांचे पगार, वायर, ॲम्प्लिफायर, जळालेले नोड. पावसात महावितरणच्या खांबाजवळ शिडी लावणाऱ्या पोराचा विमा असतो का, हे विचारायचीही सोय नाही. गिऱ्हाईकं मोबाइलकडे चाललीत. वरच्या कंपनीनं लाईन तोडली तर तोही आपल्यासारखाच फोन लावत बसतो. हे सगळं मान्य. पण मग सहा दिवस गिऱ्हाईकाला खरं कारण सांगायला काय हरकत आहे? आणि सहा दिवसांचे पैसे कापून द्यायला? ट्रायच्या २०१७ च्या सेवा नियमांत सलग ७२ तासांच्या वर सेवा बंद राहिली तर त्या प्रमाणात पैसे वजा करायचे आहेत. महिन्याला ३०० रुपये धरले तर सहा दिवसांचे ६० होतात. समजा एका एरियात एक हजार कनेक्शन आहेत, तर ६०,००० रुपये. एवढ्या पैशांत एका माणसाला सहा दिवस फोन उचलायला बसवता आलं असतं.

हे ६० रुपये मागायचे कसे? इथं आपलीही अडचण आहे. ट्राय एकट्यादुकट्या ग्राहकाची तक्रार चालवत नाही. जिल्हा ग्राहक आयोग चालवतो, ५ लाखांच्या आतल्या तक्रारीला फीसुद्धा नाही, ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. पण तिथं पहिला प्रश्न येतो, पावती कुठंय? नियमात पावती आहे, तक्रारीला क्रमांक आहे, कनेक्शन घेताना भरलेल्या अर्जाची प्रत आहे. आपल्या हातात मात्र पोरानं वहीत मारलेली टिक, आणि ती वहीसुद्धा त्याचीच. या महिन्यापासून रोख देऊ नका. फोनवरून पाठवा, निदान तारीख आणि रक्कम तरी उरते.

मी माझ्या बाजूनं काल नगरपालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज दिलाय. शहरातल्या रस्त्यांवरून आणि खांबांवरून केबल टाकायची परवानगी आजवर कुणाकुणाला दिली, भाडं किती घेतलं, आणि कुणी अर्ज करूनही परवानगी नाकारली का, एवढंच विचारलंय. केबल टाकायला परवानगी मागण्याचा हक्क नोंदणी असलेल्या प्रत्येक ऑपरेटरला कायद्यातच आहे, २०११ च्या दुरुस्तीत तसं कलम आलं. आमच्या पालिकेत असा अर्ज कधी आला का, हेच बघायचंय. उत्तराला ३० दिवस आहेत. जे येईल ते इथं जसंच्या तसं टाकतो.

तोवर एक काम तुम्ही करा. तुमच्या गल्लीत दुसऱ्या कुणी वायर ओढायचा प्रयत्न केला आणि ती तोडली गेली, किंवा त्याला दम देऊन परत पाठवलं, असं तुम्हाला माहीत असेल तर मला मेसेज करा. साल, गल्ली, एवढं पुरे. तुमचं नाव बाहेर जाणार नाही. आणि कुणाच्या घरी केबलची छापील पावती असेल, कितीही जुनी, तर तिचा फोटो पाठवा.