काळजी करणे आणि काळजी घेणे

मृग नक्षत्र लागले की गंधवानीच्या शिवारात सर्वांची दृष्टी आभाळाकडे लागते. डोंगरउताराची जमीन, पावसाच्या भरवशावरची कपाशी, मका व सोयाबीन, बियाणे कर्जाने आणलेले, घरातील तरुण मुले मजुरीसाठी गुजरातेत गेलेली. अशा घरी रात्री जपमाळ संपते, दिवा मालवतो, आणि घरधनी मात्र आढ्याकडे पाहत जागा राहतो. अशा माणसाला ‘चिंता सोडा, देवावर भरवसा ठेवा’ एवढेच सांगून आम्ही धर्मगुरू निघून जाऊ लागलो, तर ते सांत्वन नव्हे, थट्टाच होय.

प्रिय वाचकहो, या बाबतीत आपल्या मराठी भाषेने मोठा मार्मिक भेद जपून ठेविला आहे. काळजी हा शब्द एकच. परंतु आपण काळजी ‘करतो’, तशी काळजी ‘घेतो’ही. काळजी करणारा उद्याच्या संकटापायी आजची झोप घालवितो. काळजी घेणारा सकाळी उठून शेताचा बांध नीट करतो. संत मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 6 व्या अध्यायात प्रभू येशूने जी मनाई केली आहे, ती पहिल्या काळजीची, दुसरीची नव्हे. ज्या पाखरांचा दाखला त्याने दिला, ती कोठारे भरीत नाहीत हे खरे; पण उजाडताच दाणा शोधावयास निघतात, हेही तितकेच खरे. दाणा मिळेल किंवा कसे, या विवंचनेत मात्र ती रात्र काढीत नाहीत.

हे कसे साधावे, याचा आदर्श फार दूर शोधावयास नको. येथून पूर्वेस, इंदूरच्या पलीकडे, देवास जिल्ह्यात उदयनगर नावाचे गाव आहे. केरळात 29 जानेवारी 1954 रोजी जन्मलेली, फ्रान्सिस्कन क्लारिस्ट संघाची भगिनी राणी मारिया 1992 साली तेथे आली. तेथील आदिवासी शेतकरी सावकारी कर्जात रुतलेले होते. ‘प्रार्थना करा’ एवढेच सांगून ती थांबली नाही. तिने त्यांना बचतीची सवय लाविली, बँकेचे कर्ज व सरकारी योजना कशा मिळवाव्यात हे शिकविले, हक्कांची जाणीव दिली. ज्यांचे हितसंबंध त्यामुळे दुखावले, त्यांचा रोष तिने पत्करला. परंतु उद्या आपले काय होईल या भयाने हातचे काम टाकिले नाही. 25 फेब्रुवारी 1995 रोजी, इंदूरकडे जात असता, भर बसमध्ये तिची हत्या झाली. तेव्हा तिचे वय अवघे 41 वर्षांचे होते. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूर येथे ख्रिस्तसभेने तिला ‘धन्यवादित’ म्हणून घोषित केले.

श्रद्धा ठेविली म्हणजे संकट टळते, असे आम्ही म्हणत नाही. राणी मारियाचे टळले नाही. श्रद्धेने टळते ते भयाचे राज्य. आणि देवाच्या हाती सोपवावयाचे ओझे केवळ उद्याचेच असते असे नाही, कालचेही असते. 2002 साली तिची सख्खी बहीण सिस्टर सेल्मी पॉल हिने तुरुंगात जाऊन, त्या हत्येची शिक्षा भोगणाऱ्या समुंदर सिंग यास राखी बांधिली. जे दुःख आयुष्यभर मन जाळीत राहिले असते, ते तिने क्षमेने देवाच्या स्वाधीन केले.

तेव्हा या पेरणीच्या दिवसांत आमचे सांगणे एवढेच. कर्जाचा आकडा पत्नीपासून लपवू नये. दोघांनी उचललेले ओझे निम्मे होते. पीकविम्याची मुदत वेळेवर विचारून घ्यावी. परगावी गेलेल्या मुलाची खुशाली कळवून घ्यावी. मन फारच खचले, जगणे नकोसे वाटू लागले, तर ती गोष्ट मनात कोंडून न ठेवता त्याच दिवशी घरच्यांना सांगावी, धर्मगुरूंचे दार ठोठवावे, डॉक्टरांकडे जावे. यात कसलाही कमीपणा नाही.

एवढे केल्यावर जे उरेल, ते रात्रीच्या प्रार्थनेत स्वर्गीय पित्याच्या हाती द्यावे आणि निश्चिंतपणे पाठ टेकावी. नांगर धरणे आपले काम. पाऊस पाडणे आपले नव्हे. आपण निजलो तरी तो जागाच असतो.