खाते बदलल्याचा ई-मेल

हुंडीच्या व्यवहारात ‘शहाजोग’ हुंडीचे पैसे वाटेल त्याला मिळत नसत. केवळ कागद हातात असणे पुरेसे नव्हते; तो आणणारा बाजारात पत असलेला इसम आहे, याची खातरी झाल्यावरच पेढी रक्कम मोजून देई. आज कागदाची जागा ई-मेलने घेतली आहे. माणूस ओळखण्याचा रिवाज मात्र अनेक पेढ्यांत मागे पडला आहे.

नेहमीच्या पुरवठादाराकडून देयक येते. दोन दिवसांनी त्याच्याच नावाने दुसरा ई-मेल येतो : ‘लेखापरीक्षणामुळे आमचे खाते तात्पुरते बंद आहे, या वेळची रक्कम पुढील खात्यात भरावी.’ मालाचा तपशील अचूक असतो, लेटरहेड तेच, जीएसटी क्रमांकही बरोबर. मार्चअखेरच्या धांदलीत हिशेबनीस रक्कम पाठवून मोकळा होतो. पुढे पुरवठादाराचा तगादा येतो, तेव्हा रक्कम भलत्याच खात्यात गेल्याचे उघड होते.

इतका तपशील चोराला मिळतो कसा? ‘मेलबॉक्स भरला आहे’ किंवा ‘कराचा परतावा मंजूर झाला आहे’ अशा बनावट ई-मेलमधील लिंक उघडून दोहोंपैकी एका पेढीत कोणीतरी आपला पासवर्ड भरलेला असतो. चोर आत शिरून गप्प बसतो, पत्रव्यवहार वाचतो आणि मोठ्या देयकाची वाट पाहतो. मग तो त्याच ई-मेल खात्यातून लिहितो किंवा हुबेहूब दिसणारा पत्ता तयार करतो. इंग्रजी लहान लिपीतील ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी आले की घाईत ‘एम’च दिसतात. लिथुआनियातील एका इसमाने २०१३ ते २०१५ या काळात तैवानच्या एका पुरवठादार कंपनीचे सोंग घेऊन गूगल व फेसबुक यांच्याकडून १२ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम उकळली होती.

एनईएफटी व आरटीजीएसमध्ये रक्कम जमा होते ती केवळ खाते क्रमांकाच्या आधारे. नाव बरोबर लिहिले म्हणून पैसे योग्य माणसालाच पोहोचतील, हा समज चुकीचा आहे. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ पासून या दोन्ही प्रणालींत लाभार्थीचे नाव आधी पाहण्याची सोय बँकांना बंधनकारक केली. तिचा उपयोग प्रत्येक नव्या खात्यासाठी करावा.

बँकेकडून भरपाई मिळेल, या भरवशावर राहू नये. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्राहकाला दिलेले संरक्षण अनधिकृत व्यवहारांसाठी आहे. येथे पैसे पाठवण्याचा आदेश पेढीनेच दिलेला असतो. शिवाय पुरवठादाराचे देणे फिटलेले नसते. चूक कोणाच्या संगणकात झाली, या वादात दोन घराण्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध तुटू शकतो.

यावर उपाय साधे आहेत. खाते बदलल्याचे कळताच जुन्या वहीतील किंवा पूर्वीच्या बिलावरील क्रमांकावर दूरध्वनी करून प्रत्यक्ष मालकाशी बोलावे. त्या ई-मेलमध्ये दिलेला क्रमांक वापरू नये. रद्द केलेल्या धनादेशाचे छायाचित्र हा पुरावा मानू नये. नवे खाते एकाने नोंदवावे, दुसऱ्याने तपासून मंजूर करावे. आधी एक रुपया पाठवावा आणि तो मिळाल्याचे मालकाच्या तोंडून ऐकावे. ई-मेलला दुहेरी पडताळणी लावावी, पासवर्ड पेढीत सर्वांना ठाऊक असू नये, आणि आपले ई-मेल परस्पर अन्य पत्त्यावर जात नाहीत ना, हे सेटिंगमध्ये अधूनमधून पाहावे.

रक्कम गेलीच, तर लाजेपोटी गप्प बसू नये. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी ठेवून तत्काळ आपल्या बँकेला आणि १९३० या क्रमांकावर कळवावे. चोर रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात झपाट्याने फिरवतो. ती गोठवता येते ती पहिल्या काही तासांतच.